पुष्पाबाईची कावीळ

"डॉक्टरची आई झाली म्हणून काय झालं वं? आखाजीला माहेरी गेली, महिना काढून आली, आणि गल्लीत एक बिबडी नाही वाटली! मोडकी, वातड, काही तरी!"

शोभाबाईची ही कुरकुर भिंतीपलीकडून आली. डिंडोलीच्या त्या सोसायटीत दोन घरांत मिळून एकच भिंत होती, आणि तीही बिल्डरनं जिवावर आल्यासारखी बांधलेली. पलीकडे शोभाबाई बोलत होती आणि तिचा नवरा नेहमीसारखा हूं हूं करत होता. अलीकडे सुषमा उजव्या बरगडीखाली उशी दाबून पडली होती. दुपारच्या वरणावर तूप जरा सैल हातानं पडलं होतं, आणि पित्ताच्या पिशवीतले खडे तेवढंही माफ करत नव्हते.

एरवी सुषमानं ती कुरकुर ऐकून सोडून दिली असती. शोभाबाईला कुरकुर केल्याशिवाय चहा पचत नसे. पण येत्या सोमवारी त्याच डॉक्टरच्या, म्हणजे मालतीबाईंच्या गजेंद्रच्या टेबलावर सुषमाला झोपायचं होतं. पोट उघडून पिशवी काढायची होती. आणि ज्याच्या हाती आपलं पोट द्यायचं, त्याच्या घरादाराबद्दलचं कुठलंही बोलणं, मग ते बिबडीचं का असेना, माणूस कान देऊनच ऐकतो.

गावाहून रिकाम्या हातानं आलेलं माणूस त्या गल्लीला ठाऊकच नव्हतं. सगळी घरं खानदेशातून या गुजराती मुलखात पोटासाठी आलेली. कुणी पारोळ्याचं, कुणी अमळनेरचं, कुणी शिरपूरकडचं. नवरे लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, बायका घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायच्या. उन्हाळ्यात गावी जाऊन आलं की ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, कुरडया, कैऱ्या. थंडीत जाऊन आलं की भरताची वांगी. मयताला जाऊन आलेली बाईसुद्धा पिशवीच्या तळाशी मूठभर काही तरी आणायची आणि चार दिवस जाऊ देऊन हळूच वाटायची. मालतीबाई तर या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. मग यंदा काय झालं?

सुषमा छताकडे बघत राहिली. पोटातली कळ हळूहळू ओसरली. ही दुसरी मात्र ओसरेना.

गजेंद्र गल्लीचा डॉक्टर होता. गल्लीचा म्हणजे गल्लीनं वाढवलेला. त्याचे वडील बन्सीलाल खात्यात मागावर सुताचे बीम चढवायचे. गजू बारावीला बसला तेव्हा बायकांनी मिरच्या कांडणं बंद ठेवलं होतं, आणि एका बारशाचा लाउडस्पीकर तर शोभाबाईनं स्वतः जाऊन वायर उपटून बंद केला होता. सुषमा त्याच्यासाठी शेवभाजीचा डबा पाठवायची. दवाखान्यावर पाटी लागली त्या दिवशी पाटीला कुंकू लावायला तिचाही हात होता.

मग प्लेग आला. ते दिवस आठवले की सुषमाला अजून तोंडाला बांधलेल्या रुमालाचा वास येई. शहरातले कितीतरी डॉक्टर दवाखान्यांना कुलपं घालून निघून गेले. स्टेशनवर गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आणि गजेंद्र मात्र फडकं बांधून दवाखान्याच्या पायरीवर कॅप्सूल वाटत बसला होता. सुषमाच्या हर्षदाला ताप भरला तेव्हा तो दिवसभर तिच्या उशाशी होता. "काकू, प्लेग नाही हा. साधा ताप आहे. तुम्ही रडू नका, नाहीतर मलाही रडू येईल," म्हणाला होता. असा डॉक्टर शोधून सापडत नाही, हे सुषमालाही मान्य होतं.

आणि पुष्पाबाई?

गल्लीतल्याच पुष्पाबाईचं त्याच्या पुढच्या वर्षी झालं. तिलाही खडेच होते. गजेंद्रनंच ऑपरेशन केलं. टाके छान सुकले, पण डोळे पिवळे झाले, मग सगळं अंग. मुंबईला नेली. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा पोट उघडलं. नेली ती बसून, आणली ती गुंडाळून. तिचा नवरा, दगाभाऊ, ग्राहक कोर्टात जायचं म्हणत होता, कारण मुंबईत कुणीतरी त्याला सांगितलं होतं की आत नको ते कापलं गेलंय. मग मारुतीच्या देवळात गल्लीच्या मंडळाची बैठक बसली. आपलाच पोरगा, प्लेगात थांबलेला, त्याला आपणच कोर्टात उभं करायचं का, असं सगळ्यांनी दगाला विचारलं. विचारणाऱ्यांत सुषमाचा नवरा किसनही होता. दगा पोरांना घेऊन पलसाण्याकडे राहायला गेला, तिथल्या एका कापड रंगवायच्या डाइंगमध्ये लागला, आणि पुन्हा गल्लीत कुणाच्या लग्नालाही आला नाही.

तेव्हापासून पुष्पाबाईचा विषय निघाला की एकच वाक्य ठरलेलं. "काविळीनं गेली बिचारी." वाक्य संपलं की कुणीतरी चहा ठेवायला उठायचं.

संध्याकाळी किसन खात्यातून आला. सुषमानं विचारलं, "अहो, मालतीवहिनी गावाहून रिकाम्या हातानं का आल्या असतील?"

"मला काय विचारतेस? मी काय बिबड्यांचा इन्स्पेक्टर आहे?"

"त्या पारोळ्याला गेल्याच नसतील तर?"

"मग कुठं, काशीला?"

"कुठं तरी ऑपरेशनला."

किसन हात धूत होता. हात धुऊन झाले तरी नळ चालूच राहिला. "पोटचा पोरगा सर्जन असताना त्या कशाला दुसरीकडे जातील?"

"तेच तर म्हणते मी."

हर्षदा कोपऱ्यात साडी मांडीवर घेऊन धागे कापत होती. कॉलेजात जायला लागल्यापासून ती आईशी निम्मं गुजराती बोले. "मम्मी, बीजा डॉक्टरने बताव ने! दुसऱ्याला दाखवलं तर एवढं काय त्यात?"

"तू गप बस," किसन म्हणाला. "आपला माणूस सोडून परक्याकडे गेलो तर उद्या गजूकडे कोण जाईल? बन्सीभाऊला तोंड कसं दाखवायचं?"

"तोंड दाखवायला मी असायला तर पाहिजे ना," सुषमा म्हणाली, आणि हसली. हसली नसती तर त्याचं भांडण झालं असतं. मग थोडं थांबून म्हणाली, "दगाभाऊंना एकदा विचारून बघू का?"

किसननं टॉवेल खुंटीला अडकवला. तो पडला. त्यानं पुन्हा अडकवला. "त्याला कशाला? ती कावीळ होती."

आणि तो चहा ठेवायला वळला. लग्न झाल्यापासून किसननं आपल्या हातानं स्टोव्ह पेटवलेला सुषमानं पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शोभाबाई साड्यांचा गठ्ठा काखेत मारून कात्रीसकट येऊन बसली. "घाबरू नको वं माय. गजूचा हात म्हणजे लोणी. आणि आपला माणूस शे."

"शोभाताई, भाऊंचा हर्निया गजूनंच काढला का?"

कात्री थांबली. "कुणाचा हर्निया?"

"भाऊंचा, तुमच्या मालकांचा. गेल्या दिवाळीआधी लुंगीला हात धरून चालायचे. मग सप्तशृंगीला गेले म्हणालात, आणि आले ते ताठ चालत."

"देवीची कृपा."

"पण प्रसाद नाही दिलात तेव्हा."

"वाटेत संपला."

"आणि हर्नियाही वाटेतच संपला?"

शोभाबाईला हसू फुटलं. ते तिनं पदरात धरलं, दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अगं, यांचे मामा धुळ्याला असतात. तिथं ओळखीचा डॉक्टर होता. गजूवर भरवसा नाही असं नाही हं. गजूवर पूर्ण भरवसा. फक्त तेव्हा तो जरा गडबडीत होता."

"मग मला का त्याच्याकडे पाठवता?"

"मी कुठं पाठवते? सगळे म्हणतात, म्हणून मीही म्हणते." तिनं धागा कापायला कात्री चालवली आणि साडीचा काठच कापला. "बघ! तुझ्या चौकश्यांपायी झालं हे. आता साड्या देणारा शेठ माझ्या नावानं शंख करेल."

शोभाबाई गेल्यावर सुषमानं मनातल्या मनात गल्लीतलं एकेक घर फिरून पाहिलं. तापाला, खोकल्याला, सलाईनला, लूममध्ये सापडलेल्या बोटाच्या टाक्यांना गजेंद्रच्या दारात रांग असे. पोट उघडायची वेळ आली की मात्र ज्याचा त्याचा कुणीतरी मामा धुळ्याला निघत होता. कुणाची सासू जळगावला, कुणाचा साडू नंदुरबारला. सगळे गुपचूप जाऊन येत, आणि पुन्हा ओट्यावर बसून गजूच्या हाताला लोणी लावत.

म्हणजे पुष्पाबाईनंतर पहिली मीच, असं तिच्या लक्षात आलं. मग मात्र तिला बसवेना.

ती मालतीबाईंकडे गेली. हातात वाटीभर लोणचं, कारण रिकाम्या हातानं कसं जायचं. मालतीबाई खुर्चीत बसल्या होत्या. उभा जन्म जमिनीवर फतकल मारून बसणारी बाई, आणि आज खुर्चीत, पाठीला उशी. सुषमाला बघून त्या उठायला गेल्या, तेव्हा एक हात खुर्चीच्या दांडीवर गेला आणि दुसरा पोटावर, बेंबीच्या खाली. टाके सांभाळणाऱ्या बाईचा हात कुठं जातो हे बायकांना शिकवावं लागत नाही.

"बसा बसा वहिनी. कशी झाली आखाजी?"

"झाली की. भाऊ काही येऊ देईना."

"पारोळ्याला ऊन फार असेल."

"हो ना. भाजून काढलं."

सुषमानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. महिनाभर खानदेशच्या उन्हात राहून आलेली बाई इतकी पांढरीफटक दिसत नाही. "बिबड्या नाही घातल्या का यंदा तिकडे?"

"ज्वारी काळी निघाली." मालतीबाई फार पटकन बोलल्या. मग चहाचा डबा काढायला म्हणून वळल्या, फळीकडे हात नेला, अर्ध्यातून खाली घेतला आणि म्हणाल्या, "तेवढा डबा काढतेस का गं?"

सुषमानं डबा काढला. डब्याशेजारी औषधाच्या बाटल्या होत्या आणि एका बाटलीला दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली होती. दुकान नवसारीचं होतं. मालतीबाईंनी तिला ती चिठ्ठी वाचताना पाहिलं. बाहेर भाजीवाला ओरडत होता. सुषमाच्या ओठांवर प्रश्न आला होता आणि मालतीबाईंना तो ऐकू आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"साखर किती घालू वहिनी?" सुषमानं विचारलं.

"बेताची," मालतीबाई म्हणाल्या, आणि दोघींनी श्वास सोडला.

शनिवारी रक्ताचा रिपोर्ट दाखवायला ती दवाखान्यात गेली. गजेंद्रचे केस कानापाशी पांढरे झाले होते. या वयात एवढे पिकायला नको होते. त्यानं कागदावर पेनानं पिशवी काढून दाखवली. "ही पिशवी, काकू. ही तिची नळी. आणि ही मोठी नळी, हिला धक्का लावायचा नसतो." त्याच्या बोटांकडे ती इतकं टक लावून बघत होती की त्यानं पेन खाली ठेवलं. बोटं थरथरत नव्हती. थरथरली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. निदान निर्णय तरी झाला असता.

"भीती वाटते का काकू?"

"पुष्पाबाईंचंही हेच होतं ना रे?"

त्यानं पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. "त्यांची कावीळ…" म्हणाला, आणि पुढे गेलाच नाही. कागदावरच्या मोठ्या नळीकडे बघत बसला. मग म्हणाला, "काकू, मी आता फार जपून करतो."

आता. म्हणजे तेव्हा?

तिनं विचारलं नाही. समोर बसलेला माणूस तिच्या पोरीच्या उशाशी बसला होता. त्याच्या डोळ्यांत तेच आर्जव होतं, नाहीतर मलाही रडू येईल असं म्हणणारं. तिला वाटलं, याला माझी पिशवी काढायची घाई नाही. याला गल्लीतलं कुणीतरी पुन्हा टेबलावर झोपलेलं हवंय. मी चालत घरी गेले की हाही सुटेल आणि गल्लीही सुटेल. त्याची तिला कणव आली. पण कणव आली म्हणून कुणी पोट कापून द्यायचं का, हा प्रश्न काही केल्या हटेना.

"दुसरीकडे जायचं तुमच्या मनात असेल तर," तो हळूच म्हणाला, आणि तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी पोर उलटी करायला लागलं. तो उठून गेला. वाक्य टेबलावरच राहिलं.

घरी आल्यावर ती किसनला म्हणाली, "मला नाही झोपायचं तिथं."

"झालं! सगळ्यांना सांगून बसलोय. मंडळाचे लोक सकाळी सोबत येणारेत."

"त्यांनाच झोपवा मग."

"सुषमे, माझ्याकडे बघ. कारण काय सांगू त्यांना? एक कारण दे, मी सांगतो."

कारण दोघांनाही माहीत होतं. ते तोंडातून काढायला मात्र त्या घरात माणूस नव्हतं. किसन तर ते देवळात गिळून आला होता. आणि सुषमा, तीही गेली दोन वर्षं चहा ठेवायला उठतच आली होती.

रविवारी संध्याकाळी बायका तिची ओटी भरायला जमल्या. दवाखान्यात जाणाऱ्या सवाशिणीला रिकाम्या ओटीनं पाठवायचं नाही, असं शोभाबाईनं ठरवून टाकलं होतं. खोलीत पंखा फिरत होता तरी सगळ्या घामाघूम. किसन दारात उभा होता, हर्षदा भिंतीला टेकून. पाटावर सुषमा.

"उद्या दुपारपर्यंत तर शुद्धीवर येशील."

"गजू म्हणजे देवमाणूस."

"प्लेगात थांबला तो."

"तो थांबला म्हणून आपण आहोत वं."

पहिला मान मालतीबाईंचा. डॉक्टरची आई. त्या बेतानं पावलं टाकत पुढं आल्या. त्यांनी कुंकू लावलं. खण आणि तांदूळ ओटीत टाकले. नारळ उचलला. सुषमानं पदर पसरलेलाच होता. तिनं मान वर केली.

"मालतीवहिनी, मला दुसरं काही नको. तुम्ही एवढं म्हणा, जा. बिनघोर जा, माझा गजू आहे. तुम्ही म्हणालात की मी जाते."

"म्हणतीलच की," शोभाबाई घाईघाईनं म्हणाली. "म्हणा ना वं मालतीबाई."

मालतीबाईंचे ओठ हलले. नारळ दोन्ही हातांत होता. सुषमाच्या पदरापर्यंत तो आला आणि तिथंच थांबला.

"काकी, हात दुखतील, बसा," हर्षदा म्हणाली.

"मी… मी चहा ठेवते," मागून कुणीतरी म्हणालं.

"कुणी उठू नका," मालतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, भाजीवाल्याशी बोलावा तसा. नारळ त्यांनी छातीशी घेतला. "मी पारोळ्याला गेले नव्हते. नवसारीला होते. माझी गर्भाची पिशवी तिथल्या डॉक्टरनं काढली. गजूनंच मला हाताला धरून नेलं. म्हणाला, आई, तुझ्यावर माझा हात चालायचा नाही. मी विचारलं, का रे? तर जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला."

दारात किसननं चौकट धरली होती. मालतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सगळ्या बायकांकडे, आणि शेवटी सुषमाकडे.

"तू नको जाऊ. पुष्पा काविळीनं नाही गेली. माझ्या गजूच्या हातानं गेली."